वापरातली नक्षी आणि भिंतीवरचे चित्र

मलय द्वीपकल्पाच्या जुन्या दृश्यपरंपरेत भिंतीवर टांगायचे चित्र जवळजवळ सापडत नाही. सापडतात ती माणसाच्या हाताखालची, अंगावरची आणि डोक्यावरची कामे : दारावरची कोरीव फळी, जरीचा सोंगकेत, बांबूच्या पट्ट्यांची विणलेली भिंत, क्रिस या खंजिराची मूठ, रंगवलेली मासेमारी होडी, पोथीची सजवलेली पाने, वाऊ नावाचा मोठा पतंग, सावल्यांच्या खेळातली चामड्याची बाहुली. यांतली एकही वस्तू नुसती पाहण्यासाठी घडवलेली नाही. तरीही गेल्या सत्तर वर्षांत मलेशियातले चित्रकार तैलरंग, ॲक्रिलिक आणि कॅनव्हास हाती घेऊन पुन्हा पुन्हा याच वस्तूंकडे वळले आहेत. या व्यवहाराला सरसकट ‘परंपरेपासून प्रेरणा’ म्हटले जाते, आणि हे शब्द वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांच्या आड नेमके काय घडते ते दिसेनासे होते. घडते ते असे : एक वस्तू तिच्या कामातून सुटते आणि चित्र होते. काम सुटले की त्या कामाने तिला दिलेला आकारही निराधार होतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की मलय परंपरेतून आलेल्या आधुनिक चित्राची पारख त्यात किती नक्षी उतरली यावरून करू नये. सुटलेल्या कामाच्या जागी चित्रकाराने त्या आकाराला दुसरे कोणते काम लावले, यावरून करावी.

हे नीट कळायला आधी मूळ वस्तूंपाशी थोडे थांबावे लागते. केलान्तान, तेरेंगानू आणि आज थायलंडच्या हद्दीत असलेले पट्टानी हा पूर्व किनाऱ्याचा पट्टा लाकूडकामासाठी प्रसिद्ध. तिथली जुनी घरे खांबांवर उचललेली, लाकूड बहुधा चेंगालसारखे कठीण, हवा उष्ण आणि दमट. दाराखिडक्यांच्या वर आणि भिंतींच्या माथ्याला आरपार कोरलेल्या फळ्या बसवतात. घरात वारा खेळावा, ऊन गाळून यावे, आतले माणूस बाहेरून दिसू नये, ही तिन्ही कामे ती फळी एकदम करते. हवेला वाट हवी म्हणून जाळी, आणि जाळी हवी म्हणून वेल. इस्लाम रुजल्यावर सजीवांच्या आकृत्या मागे पडल्या आणि वनस्पतींना सारे मैदान मोकळे मिळाले. पण वेलही वाटेल तशी धावत नाही. ती एका मुळापासून निघते, ते मूळ सहसा पानाफुलांआड झाकलेले असते. फांद्या वळत पसरतात, कुणाला छेदून जात नाहीत. टोके बाहेर रोखलेली नसतात, आत मुडपलेली असतात. कारागीर या रचनेला माणसाच्या वागणुकीचा अर्थ जोडतात : आपले उगमस्थान मिरवू नये, वाढताना शेजाऱ्याला टोचू नये. हा अर्थ आधीचा की नक्षीची सोय आधीची, याचा निवाडा करत बसण्यात हशील नाही. आरपार कोरलेल्या फळीत बाहेर रोखलेले बारीक टोक लवकर तुटते, हे सुताराला कोणत्याही नीतिवचनाशिवाय ठाऊक असते. नीती आणि लाकडाचा स्वभाव इथे एकमेकांच्या सोयीने जुळले आहेत, आणि मला या परंपरेचे खरे सौंदर्य त्या जुळण्यातच दिसते.

सोंगकेतचेही तसेच. पैठणीचा पदर ओळखणाऱ्या मराठी वाचकाला सोंगकेतची मांडणी चटकन लक्षात येईल, मात्र विणीचा फरक ध्यानात ठेवावा. पैठणीत रंगीत बाण्याचे धागे एकमेकांत अडकवून नक्षी कापडाच्या पोतातच घडवतात. सोंगकेतमध्ये मूळ विणीवर जरीचा जादा बाणा वरून तरंगत घातलेला असतो. वस्त्राचे अंग, काठ आणि ‘कपाला’ म्हणजे मस्तक असे भाग पडतात. कपालाच्या पट्ट्यात बांबूच्या कोंबांचे उभे त्रिकोण दोन बाजूंनी समोरासमोर येतात, आणि कापड नेसले की हा पट्टा अंगावर कुठे यावा याचे संकेत ठरलेले असतात. अंगावरच्या बुट्ट्यांत मॅंगोस्टीन फळाचे देठाकडचे पान दिसते, आठ पाकळ्यांचे फूल दिसते. पिवळा रंग राजघराण्याचा. म्हणजे कपडा पाहून नेसणाऱ्याचा दर्जा आणि प्रसंग दोन्ही वाचता येत. तेरेंगानूच्या कुराणाच्या पोथ्यांत समोरासमोरच्या दोन पानांभोवती एकच जोडचौकट उभी राहते. तिच्या कडा लाटांसारख्या, रंग गडद, आणि सोने सढळ हाताने वापरलेले. ती सजावट आतल्या मजकुराला मान देते, त्याच्याशी स्पर्धा करत नाही. वाऊ पतंगावरची कातरलेली कागदी वेल मधल्या कण्यापासून दोन्ही पंखांवर सारखी पसरते, कारण वजन एका बाजूला झुकले तर पतंग गटांगळी खातो. समतोल ही तिथे सौंदर्याची आवड नाही, उडण्याची अट आहे. कलाअभ्यासक झकारिया अली यांनी 1980 च्या दशकात मलय सौंदर्यविचाराच्या कसोट्या मांडल्या तेव्हा नाजूकपणा आणि अर्थगर्भता यांच्या जोडीला उपयोगही त्यांना घ्यावा लागला, यात नवल नाही.

आता कॅनव्हासकडे येऊ. मलायात चित्रफलकावरची चित्रकला वसाहतकाळात आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिने जोर धरला. 1952 मध्ये पीटर हॅरिस यांच्या पुढाकाराने क्वालालुंपूरला ‘वेन्सडे आर्ट ग्रुप’ जमला. त्याच वर्षी सिंगापूरचे चार चिनी चित्रकार बालीला गेले आणि तिथली माणसे, कापडे, देवळे घेऊन परतले. 1956 मध्ये हुसेन एनास यांच्या नेतृत्वाखाली मलय चित्रकारांची संघटना उभी राहिली. 1958 मध्ये राष्ट्रीय कलादालन सुरू झाले. एनास यांची तैलव्यक्तिचित्रे आजही लोकप्रिय आहेत आणि त्यांचे कौशल्य वादातीत आहे. पण त्यांच्या चित्रांत मलयपण आहे ते विषयात : बाटिक नेसलेली स्त्री, तंबाखूची पाने खुडणारे हात. पाहण्याची पद्धत पूर्णपणे युरोपीय आहे. प्रकाश एका बाजूने येतो, देह गोलाईने उभा राहतो, कापडाची नक्षी घड्यांबरोबर वळते. परंपरा इथे पोशाख म्हणून आली आहे. तो दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या समाजाला स्वतःचे चेहरे प्रतिष्ठेने रंगवलेले पाहायचे होते आणि ती गरज या चित्रांनी भागवली. पुढच्या पिढीला मात्र एवढ्यावर थांबता येणार नव्हते.

पुढचे पाऊल ज्याने टाकले तो मलय नव्हता, हे या विषयातले एक लोभस सत्य आहे. छुआ थियान तेंग चीनच्या फुज्यान प्रांतात जन्मले आणि पेनांगमध्ये स्थायिक झाले. 1950 च्या दशकात त्यांनी बाटिकची प्रक्रियाच चित्रासाठी वापरायला घेतली. कापडावर गरम मेण सोडायचे, रंगात बुडवायचे, मेण काढायचे, पुन्हा सोडायचे. मेणाला तडे गेले की रंग आत शिरतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. तेंग यांनी नक्षीची नक्कल केली नाही, हाताची सवय उचलली. बाटिकमध्ये चुकीची रेघ पुसता येत नाही, फिकटाकडून गडदाकडे जावे लागते, आकारांना ठळक हद्द लागते. या अटींमुळे त्यांची माय-लेकरे, फळविक्या बाया आणि कोळी सपाट आणि घट्ट झाले. कापडाचे नेसण्याचे काम गेले, पण मेणाची शिस्त शिल्लक राहिली आणि तिने चित्राची रचना धरून ठेवली. नंतर पेनांगात बाटिकचित्रांचा बाजार भरला, पर्यटकांसाठी ठोकळेबाज होड्या-माडांचे ढीग लागले; त्याचा दोष तेंग यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

निक झैनाल अबिदिन यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे. केलान्तानच्या वायांग कुलित या सावल्यांच्या खेळातल्या बाहुल्या त्यांनी चित्रात आणल्या. या खेळाची कथा मुळात रामायणाची : सेरी राम, सीती देवी, लक्ष्मण, हनुमान, रावणाला तिथे महाराज वाना म्हणतात, आणि जोडीला पाक दोगोल व वाक लोंग हे खास केलान्तानी विदूषक, ज्यांच्याशिवाय प्रेक्षक हलत नाही. खेळात बाहुली पडद्यामागे असते. तिचा रंग कातड्यातून गाळून विरळ होतो, तिच्या अंगावरच्या छिद्रांतून दिव्याचा उजेड येतो, आणि ती जिवंत होते ती दलांगच्या, म्हणजे बाहुल्या नाचवणाऱ्या सूत्रधाराच्या, आवाजाने व हाताच्या हालचालीने. चित्रात हे सारे नाहीसे होते. झैनाल यांनी मग जे केले ते चतुर होते : बाहुली प्रेक्षकाच्या बाजूने न रंगवता ती जणू दलांगच्या बाजूने, पुऱ्या रंगात, पात्रांच्या दाटीसह रंगवली. सावलीऐवजी वस्तू दिसली. त्यांच्या चित्रांत गती कमी आहे, काही तर बाहुल्यांच्या प्रदर्शनासारखी वाटतात, तरी खेळाचे काम सुटल्यावर बाहुलीला पट म्हणून उभे करण्याचा तो पहिला गंभीर प्रयत्न होता.

यानंतर राजकारण आले. 13 मे 1969 च्या वांशिक दंगलींनी देश हादरला. 1971 च्या ऑगस्टमध्ये मलाया विद्यापीठात राष्ट्रीय सांस्कृतिक परिषद भरली आणि तीन सूत्रे ठरली : राष्ट्रीय संस्कृतीचा पाया या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीत असेल, इतर संस्कृतींतले योग्य ते घटक स्वीकारता येतील, आणि इस्लाम हा तिचा महत्त्वाचा भाग राहील. 1979 मध्ये मारा तंत्रसंस्थेत मुळांचा शोध घेणारा परिसंवाद झाला. त्याच वर्षी सय्यद अहमद जमाल यांनी मलय वस्तूंमधले रूप आणि आत्मा यांचा मेळ दाखवणारे ‘रूपा दान जीवा’ हे प्रदर्शन मांडले. जमाल स्वतः लंडनमध्ये शिकलेले, अमूर्त शैलीचे चित्रकार; गुनुंग लेदांग या दंतकथेतल्या डोंगराचा त्रिकोण त्यांच्या चित्रांत अनेक वर्षे फिरत राहिला. या वातावरणात नक्षीला एकाएकी सरकारी भाव आला. बांबूच्या कोंबाचे त्रिकोण, सोंगकेतच्या बुट्ट्या, कोरीव वेली कॅनव्हासवर दाटीने उगवू लागल्या. त्यातले पुष्कळसे काम आज पाहवत नाही. नक्षी तिथे ओळखपत्र झाली आहे, आणि ओळखपत्र दाखवण्यापलीकडे काही करत नाही.

म्हणूनच पहिला आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा : हे सारे प्रकरणच सत्तेने घडवलेले आहे, मलय बहुसंख्याकांच्या राजकारणाचे ते सजावटीचे अंग आहे. धोरणाचा दाब होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दाबाखाली काय उगवले ते एकसारखे नाही. मस्तुरा अब्दुल रहमान यांची 1980 च्या दशकातली घरांच्या अंतर्भागांची चित्रे घ्या. खोली वरून पाहावी तशी उघडलेली. चटया, गालिचे, उशा, पडदे, पायऱ्या सगळे एकाच सपाटीवर, प्रत्येकावर आपली नक्षी. माणूस एकही नाही. दूरची वस्तू लहान होत नाही, सावली पडत नाही. युरोपीय दृष्टिक्रम मोडला आहे, पण तो मोडण्यासाठी क्यूबिझमकडे जावे लागलेले नाही. चटईवर बसून चारी बाजूंना पाहणाऱ्या माणसाला घर जसे भासते तसे ते मांडले आहे. नक्षीचे काम इथे जागा सांगणे आहे. कुठे चालायचे, कुठे बसायचे, कुठून पुढे बाहेरच्याने जायचे नाही, हे कापडांच्या कडा सांगतात, आणि कापडांचे घरातले जुने कामही नेमके तेच होते. माणसे नसूनही घरातल्या बाईची नजर आणि तिची मालकी प्रत्येक कोपऱ्यात जाणवते. धोरणाने विषय सुचवला असेल, हा उपाय धोरणाने सुचवलेला नाही. रुझैका ओमर बासारी यांनी खिडकीच्या कोरीव चौकटीलाच चित्राचे शरीर बनवले तेव्हा त्यांनीही उलट दिशेने तोच प्रश्न विचारला : चौकट चित्राला धरते, की चौकट म्हणजेच चित्र?

याच साधनांनी सत्तेला आणि भाबडेपणाला चिमटेही काढले गेले. इस्माइल झैन हे सांस्कृतिक प्रशासनात वावरलेले, मुळांच्या चर्चेत सामील असलेले गृहस्थ. पण 1988 च्या संगणकावर रचलेल्या एका चिकटचित्रात त्यांनी ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेतले अब्जाधीश कुटुंब मलाक्काच्या धर्तीच्या पारंपरिक घरासमोर छायाचित्राला उभे केले. घर खरे, कुटुंब खरे, आणि दोघेही त्या काळच्या मलेशियन दिवाणखान्यात रोज संध्याकाळी एकत्र येत होते. निर्मला षण्मुगलिंगम यांनी 1986 मध्ये लिबियावरच्या बॉम्बहल्ल्यानंतर रेगन आणि थॅचर यांना वायांगच्या जगात आणले. झैनाल यांनी बाहुलीला पट केले होते. निर्मला यांनी तिला तिचे जुने काम परत दिले, कारण गावातल्या खेळातही विदूषक बलवंतांची टिंगल करतच असतो.

दुसरा आक्षेप असा, की ‘मलय’ म्हणून ज्याला वेगळे काढले जाते ते मुळात मलय उरलेच कुठे? कथा रामायणाची, गुजरातच्या पटोळ्यांनी तिथल्या कापडांच्या नक्षीला वळण लावलेले, लिपी अरबी, बाटिक जावाचे, सर्वांत नामवंत बाटिक चित्रकार चिनी. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीज अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का घेतले ते याच कारणाने, की पश्चिम भारताचे कापड आणि मोलुक्काचे मसाले तिथे एका घाटावर भेटत. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष चुकतो. या परंपरेचे वेगळेपण आयात न करण्यात कधीच नव्हते. आलेल्या वस्तूला आपल्या कामाला जुंपण्यात होते. तमिळनाडूत जन्मून मद्रासच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद थाजुद्दीन रामायणातल्या आणि मलय दंतकथांतल्या स्त्रिया रंगवतात, तेव्हा त्यांच्या लांबट डोळ्यांत आणि वाहत्या देहरेषेत मराठी वाचकाला अजिंठा आठवेल. तो आठवावाच. तीच रेषा सोंगकेत नेसलेल्या स्त्रीभोवती फिरते तेव्हा तिला वस्त्राच्या जड, ताठ जरीशी जुळवून घ्यावे लागते, आणि त्या तडजोडीत काहीतरी नवे घडते. लतीफ मोहिदीन तर याच्याही पलीकडे गेले. नेगेरी सेंबिलानचा हा मुलगा 1960 च्या दशकात बर्लिनमध्ये शिकत असताना आग्नेय आशियाच्या आकारांकडे वळला, आणि परत येऊन या प्रदेशात भटकताना ‘पागो-पागो’ मालिका रंगवत गेला. देवळांची शिखरे, घरांचे पाखे, होड्यांची टोके आणि बांबूचे कोंब त्यात एकमेकांत शिरून एकच टोकदार, वर झेपावणारी वनस्पती-वास्तू होते. सोंगकेतमधला कोंब त्रिकोणात गोठलेला असतो. लतीफ यांच्याकडे तो पुन्हा उगवू लागतो. ही चित्रे 2018 मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात दाखवली गेली, पण त्यांचे महत्त्व त्या मान्यतेत नाही. एकही पारंपरिक बुट्टी जशीच्या तशी न घेता परंपरेचा वाढीचा नियम त्यांनी घेतला, यात आहे.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. धर्माच्या शुद्धतेसाठी वायांग आणि मक योंग हे नृत्यनाट्य यांना केलान्तानमध्येच 1990 नंतर बंदी सोसावी लागली, तेव्हा चित्रकाराने या परंपरेला हात लावणेच दुटप्पी नाही का, असे विचारले जाते. सुलैमान एसा यांच्यासारख्या चित्रकारांनी 1980 च्या दशकात आकृत्या सोडून भौमितिक, विणकामाच्या जवळ जाणारी इस्लामी रचना निवडली. इतरांनी बाहुल्या सोडल्या नाहीत. दोन्ही वाटा जुन्या वस्तूंतच आधीपासून होत्या, पोथीत एक आणि पडद्यावर दुसरी. कोणती खरी मलय, हे ठरवण्याचा हक्क चित्रकलेला नाही आणि कोणत्या राज्य सरकारलाही नाही.

चौथा आक्षेप मात्र मला सर्वांत अवघड वाटतो, आणि त्याचे पुरते उत्तर माझ्यापाशी नाही. चित्रकाराचे नाव कॅनव्हासच्या कोपऱ्यात असते. ज्या विणकरणीची बुट्टी, ज्या कोरीवकाराची वेल त्याने घेतली, त्यांचे नाव कुठे? 2002 मध्ये निधन पावलेले केलान्तानचे निक रशिद्दिन यांच्यासारखे कोरीवकार स्वतःच्या नावाने ओळखले गेले, पण ते अपवाद. युनेस्कोने 2021 मध्ये सोंगकेत वारसायादीत घेतला तोही समूहाचा वारसा म्हणून. चित्रकार म्हणतो, परंपरा सर्वांची असते. पण सर्वांच्या मालाची किंमत कॅनव्हासवर चढली की ती एकाच्याच खात्यात जमा होते. सुलैमान किंवा मस्तुरा यांनी काही चोरले असे कुणीच म्हणणार नाही. प्रश्न व्यवहाराचा आहे. बोर्निओवरच्या साबाह राज्यात यी इ-लान यांनी 2018 पासून चटया विणणाऱ्या बायांबरोबर काम सुरू केले आणि त्या विणकरणींची नावे कलाकृतींशी जोडली. त्या बाया मलय नाहीत, बजाऊ आणि डोंगराळ भागातल्या आदिवासी आहेत. तरी द्वीपकल्पातल्या चित्रकारांना या उदाहरणापुढे नजर चुकवता येणार नाही. चटई तिथे अजूनही बसायचीच आहे, आणि त्याच वेळी प्रदर्शनात लावायचीही.

वस्तूचे काम आधी पाहायचे, या कारणाने पुढच्या पानांत चित्रांचा क्रम काळानुसार लावलेला नाही. प्रत्येक चित्राशेजारी ज्या जातीच्या वस्तूतून ते निघाले ती वस्तू आहे, आणि वस्तूच्या खाली ती कशासाठी वापरत ते आधी, तिच्या नक्षीचे नाव नंतर दिले आहे. काही ठिकाणी वस्तू चित्रापेक्षा सरस दिसेल. तशा जोड्या मुद्दाम काढून टाकलेल्या नाहीत. सत्तरीच्या दशकातल्या चित्रांपाशी त्या जास्त आढळतील, आणि लतीफ व मस्तुरा यांच्यापाशी जवळजवळ नाहीत.